‘पुढे कुणाला विकाल?’ असे विचारणाऱ्या सुजाताताई

सुजाताताई जाधव यांची आणि माझी पहिली भेट हार्बरफ्रंटच्या आमच्या बँकेत झाली. त्या दिवशी मी छाप पाडण्याच्या तयारीत होतो, आणि अशा तयारीतला माणूस जितका बावळट दिसतो तितका दिसलो. पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, नुकताच या देशात आलो होतो. गृहकर्ज विभागासाठी नवी संगणक प्रणाली बसवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि ताई त्या विभागात वरिष्ठ कर्ज-अधिकारी होत्या. बैठकीत मी मोठ्या ऐटीत सांगितले, की आमच्या प्रणालीत अर्जदाराचा वंश विचारणारा रकानाच नाही. चिनी असो, मलय असो, भारतीय असो, सगळ्यांना एकच माप. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाच्या वेळी ताई माझ्याजवळ आल्या आणि मराठीत म्हणाल्या, “रकाना नाही हे बरंच आहे. पण तुमची प्रणाली अर्जदाराचं आधीचं कर्ज फिटलं का, हे विचारते ना? मग उद्या सकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसा.”

मी गेलो. एक मलय जोडपे आले होते. नवरा बसचालक, बायको गरोदर. त्यांना राहत्या घरापेक्षा एका खोलीने मोठे घर घ्यायचे होते. आमच्या प्रणालीने त्यांना जेमतेम निम्म्या गरजेपुरते कर्ज देऊ केले, कारण पहिल्या घराचे कर्ज अजून चालू होते आणि एक कर्ज चालू असताना दुसरे कमी मिळते. हा नियम सगळ्यांना सारखा आहे. मग पहिले घर विकून कर्ज फेडायचे, तर ते विकले जात नव्हते. इथल्या सरकारी वसाहतींत प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती घरे असावीत याला मर्यादा आहे. त्यांच्या इमारतीत चिनी घरांची मर्यादा भरलेली होती, म्हणजे त्यांना आपले घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नव्हते. आणि या देशात घर घ्यायला येणाऱ्यांत चिनीच सर्वांत जास्त. त्यांच्याच मजल्यावरच्या चिनी शेजाऱ्याचे घर मात्र पहिल्या महिन्यात गेले, कारण चिनी माणूस चिनी माणसाला विकतो तेव्हा गणती बदलत नाही.

बसचालकाने शांतपणे विचारले, “आम्ही मलय आहोत म्हणून का?” मी तोंड उघडणार होतो. ताईंनी नुसते माझ्याकडे पाहिले आणि त्याला इंग्रजीत म्हणाल्या, “बँक तुम्हाला ते विचारत नाही. पण तुमचं घर कोण घेऊ शकेल हे ठरताना ते विचारलं जातं, आणि बँक त्या घराकडे बघून कर्ज देते. त्यामुळे मी नाही म्हटलं तर ते खोटं होईल.” तो माणूस उठला, ताईंना थँक यू म्हणाला आणि बायकोची पिशवी उचलून निघून गेला. माझ्या प्रणालीने काहीही चुकीचे केले नव्हते, आणि तेच मला फार दिवस खात राहिले.

त्या सकाळी मी आणखी एक गोष्ट पाहिली. ताई त्या दोघांच्या समोर बसल्या नव्हत्या. आपली खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसल्या होत्या. नंतर कळले की ती त्यांची रीतच आहे. मंजुरी सांगायची असेल तर त्या टेबलापलीकडे बसतात आणि नकार सांगायचा असेल तर अर्जदाराच्या शेजारी. विभागातल्या तरुण पोरांनी यावरून त्यांची खूप चेष्टा केली. ताईंनी खुर्ची हलवली की पोरे आपापसांत ‘अरेरे’ म्हणत. पण आता त्यातली दोघेतिघे स्वतः मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि तीही खुर्ची ओढतात, हे मी पाहिले आहे.

ताईंच्या कामाबद्दल लिहायचे तर त्यांच्या एका प्रश्नाबद्दलच लिहावे लागेल. घर घ्यायला निघालेल्या भारतीय किंवा मलय जोडप्याला त्या शेवटी हमखास विचारतात, “पुढे कुणाला विकाल?” आपल्या मराठी मंडळींना हा प्रश्न अपशकुनासारखा वाटतो. घर घेतानाच विकायचे काय बोलायचे? आणि इथेच आपली मंडळी फसतात. एखाद्या भारतीय मालकाचे घर आजूबाजूच्या घरांपेक्षा स्वस्तात मिळते. आपल्याला वाटते, आपण घासाघीस करून भाव पाडून घेतले. चार जणांत कॉलर ताठ करून सांगतो. ते स्वस्त का होते, हे आपण विचारत नाही. विकणाऱ्याला चिनी गिऱ्हाईक घेता येत नव्हते, म्हणून तो खाली उतरला. आणि त्याची ती अडचण घराबरोबर आपल्या नावावर आली.

आम्हीही तेच करायला निघालो होतो. मी आणि माझी पत्नी मृणाल यांनी ताईंच्याच भागात, बेडोकमध्ये, असेच एक घर हेरले. भाव ऐकून आमचे पाय जमिनीवर नव्हते. लिटिल इंडियातून पेढे घेतले आणि थेट ताईंच्या घरी गेलो. ताईंनी पेढा खाल्ला, छान आहे म्हणाल्या, हात पुसला आणि तो प्रश्न विचारला. मृणालला राग आला. खाली उतरल्यावर ती म्हणाली, “आनंदाच्या बातमीवर विरजण घालायची काय गरज होती त्यांना?” मला मात्र बसचालकाची बायको आठवत होती. आम्ही ते घर घेतले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी थोडे महाग, पण पुढे कुणालाही विकता येईल असे मोकळे घर घेतले. त्या पहिल्या घराचा आजचा मालक तमिळ आहे आणि गेली दोन वर्षे ते विकायला काढून बसला आहे.

आता त्यांच्या मायेबद्दल. इथे भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या लोकांना एक वाक्य पाठ आहे. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत ठरलेल्या घरमालकिणीने ऐन वेळी फोन केला. “यू इंडियन आह? एजंट नेव्हर टेल मी. सॉरी लाह, हेवी कुकिंग कॅनॉट.” भारतीय म्हणजे फोडण्या आणि मसाले, म्हणून घर नाही. आम्ही दोघे सामानासकट रस्त्यावर. ताईंनी विचारलेदेखील नाही, सरळ टॅक्सी करून बेडोकला घरी नेले. त्यांच्या इमारतीची लिफ्ट जुन्या पद्धतीची, प्रत्येक मजल्यावर न थांबणारी. खालच्या मजल्यावर उतरून एक जिना चढावा लागतो. ताईंचे पती गौतमराव तेव्हा जहाजांच्या कंपनीत इंजिनिअर होते, धिप्पाड माणूस. आमच्या दोन्ही बॅगा त्यांनी एकदम उचलल्या आणि जिना चढता चढता म्हणाले, “हा जिना म्हणजे फुकटची व्यायामशाळा. या जिन्यामुळेच तर घर भाव पाडून मिळालं मला. अशी घासाघीस केली मी!” मागून ताई म्हणाल्या, “जिन्यामुळे नाही हो. का मिळालं ते मला बँकेत लागल्यावर कळलं.” गौतमराव हसले. त्या घरात आम्ही महिनाभर राहिलो, आणि मृणालने फोडणी द्यायला एकदाही खिडकी लावून घेतली नाही.

शेजारी आंटी लिम राहतात, चिनी आहेत. ताई बौद्ध, आंटीही बौद्ध, पण दोघींची बौद्ध होण्याची तऱ्हा अगदी निराळी. तरी वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या दिवशी दोघी मिळून विहारात जातात आणि येताना हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत टोफू खातात. ताईंची मुलगी यशोधरा आणि आंटींची मुलगी खालच्या अंगणात एकत्र वाढल्या. यशोधरा आता लग्न होऊन मेलबर्नला आहे. आंटींची मुलगी दूर पश्चिमेला राहते आणि आईच्या जवळ यायला धडपडते आहे.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल की ताई त्या वंशमर्यादेच्या नियमावर चिडून असतील. मलाही तसेच वाटले होते. एकदा मी तावातावाने बोललो, तर त्यांनी मला थांबवले. म्हणाल्या, “अमोल, माझं बालपण सातारा जिल्ह्यातल्या गावात गेलं. गावाबाहेर आमची वस्ती होती. पाणी वेगळं, रस्ता वेगळा, मयताची वाटसुद्धा वेगळी. इथे माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस चिनी आणि मलय शेजाऱ्यांनी केला, आणि हे आपोआप झालं नाही. हा नियम होता म्हणून झालं. तो मोडावा असं मी म्हणणार नाही. त्याचं ओझं थोड्याच लोकांच्या डोक्यावर का, एवढंच मी विचारते.”

त्या हे सगळीकडे विचारतात आणि कुणाचीही भीड ठेवत नाहीत. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या एका स्नेहभोजनात पुण्याचे एक गृहस्थ भाड्याच्या जाहिरातींवर तावातावाने बोलत होते. भारतीय म्हणून आपल्याला घर नाकारतात, हा अपमान आहे वगैरे. ताईंनी सगळे ऐकले आणि विचारले, “तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सध्या भाडेकरू कोण आहेत?” गृहस्थ म्हणाले, आपल्यातलेच आहेत. “आपल्यातले म्हणजे?” ताईंनी विचारले. गृहस्थ ताटात बघू लागले. मीही ताटातल्या जिलेबीकडे बघत बसलो. नंतर बसमध्ये त्या मला म्हणाल्या, “तिकडे नाही म्हणणारा माणूस दिसतो तरी. इथे बँकेत नाही म्हणणारा कुणी नसतोच. मग भांडायचं कुणाशी?”

बँकेत मात्र त्या भांडल्या. दर वर्षी वरिष्ठांसमोर तोच मुद्दा मांडत राहिल्या, की ज्यांचे घर या मर्यादेमुळे अडले आहे त्यांच्या अर्जाकडे यंत्राने नाही, माणसाने बघावे. एवढ्या वर्षांत फळ काय मिळाले? अशा अर्जदारांना आता थेट नकाराचा संदेश जात नाही, आधी एक माणूस फोन करतो. बस. खोटा गौरव ताईंना चालणार नाही, म्हणून जेवढे आहे तेवढेच लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वी गौतमरावांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणेही बरेच परतले, पण उजवा पाय गेला. आणि तो जिना मध्ये आला. दवाखान्यात जायचे असेल तर दोन माणसे त्यांना खुर्चीत बसवून उचलून उतरवतात आणि ताई पुढून खुर्चीचा दांडा धरून उलट्या पावलांनी उतरतात. एरवी ते खाली उतरत नाहीत. रोज संध्याकाळी बंदराकडे जाऊन जहाजे बघणारा हा माणूस आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची इमारत बघतो. लिफ्ट दारात थांबेल असे घर घ्यायचे तर आहे ते विकायला हवे. यशोधराच्या शिक्षणापायी त्यांचे कर्ज लांबले आणि अजून थोडे राहिले आहे. इमारतीची चिनी मर्यादा काठोकाठ भरलेली आहे. आणि ताईंचे वय आता असे, की नव्या कर्जाला मुदत फार थोडी मिळते. त्यांचा अर्ज आमच्याच प्रणालीतून गेला. उत्तर बसचालकाला मिळाले होते तेच आले. आता ते फोन करण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून नियमाप्रमाणे फोन करणारा माणूस मी होतो. मी फोन केला नाही, त्यांच्या टेबलाशी गेलो आणि खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्यांना कळले. “बरं बसलास,” एवढेच म्हणाल्या.

घर बघायला चिनी कुटुंबे येत. त्यांना घर आवडे, उजेड आवडे, आणि मग एजंटच्या लक्षात येई. सगळ्यांत वाईट म्हणजे आंटी लिमच्या मुलीला ते घर हवे होते. आईच्या दाराला दार, योग्य भाव, सगळे कबूल. आंटी माझ्यासमोर भिंतीवर हात आपटून म्हणाल्या, “सेम वॉल, यू नो. माय डॉटर अदर साइड सेम वॉल. ऑल्सो कॅनॉट.” विकणाऱ्याला विकायचे, घेणाऱ्याला घ्यायचे, मधे फक्त एक भिंत, आणि तरी व्यवहार होत नाही. भाड्याने दुसरीकडे जावे म्हटले, तर दोन ठिकाणी फोनवर तेच जुने वाक्य. सरकारकडे खास विनंती करायचा मार्ग आहे, ताईंनी तीही केली आहे. उत्तराची वाट बघणे चालू आहे.

अशात मला एक जोडपे सापडले. आपल्याच मंडळातले, नाशिकचे, दोघेही आयटीत. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळून काही वर्षे झालेली, घर शोधत होते, आणि भारतीय असल्यामुळे ताईंचे घर त्यांना घेता येत होते. रविवारी मी त्यांना घेऊन गेलो. गौतमरावांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. जोडप्यातल्या मुलीने घरभर फिरून पाहिले, बाल्कनीत उभी राहून फोटो काढले. मुलाने भाव ऐकला आणि त्याचा चेहरा असा फुलला, की आमच्या पेढ्यांच्या दिवशी मी कसा दिसत होतो ते मला तेव्हा कळले. तो म्हणाला, “काका, अजून थोडं कमी होईल का?” गौतमराव लगेच म्हणाले, “होईल की. बसा, बोलू.”

ताईंनी चहा आणला. कप दिले. आणि मग ट्रे मांडीवर धरून, त्या मुलीच्या शेजारी बसल्या. मी माझा कप खाली ठेवला, कारण त्या समोर बसल्या नव्हत्या.

“घर चांगलं आहे,” ताई म्हणाल्या. “पण पुढे तुम्ही हे कुणाला विकाल?”

मी म्हणालो, “ताई, ते नंतर बोलू.” त्यांनी माझ्याकडे लक्ष दिले नाही. सगळे सांगितले. चिनी मर्यादा, अडकलेले कर्ज, शेजारच्या भिंतीपलीकडची मुलगी, सगळे. “आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगते आहे. एवढं कळून घेणार असाल तर आनंदाने घ्या.” मुलगी कपात बघत राहिली. मुलगा म्हणाला, आम्ही घरी विचार करतो. चहा अर्धाच राहिला. जिना उतरताना तो मला म्हणाला, “बरं झालं काकूंनी सांगितलं, नाहीतर फसलो असतो.” दोन दिवसांनी त्यांचा नकार आला, अगदी सभ्य भाषेत.

त्या रविवारी ती दोघे लिफ्टने गेल्यावर मी परत वर आलो. मी चिडलो होतो आणि ते लपवले नाही. म्हणालो, “ताई, हे बँकेचं काम नव्हतं. हे तुमचं घर होतं. कायद्याने सगळं तपासायची जबाबदारी त्यांची होती.” ताई कप विसळत होत्या. म्हणाल्या, “जन्मभर दुसऱ्यांच्या घराबाबत विचारलं. स्वतःच्या घराबाबत गप्प बसले, तर आतापर्यंतचं सगळं विचारणं नाटक ठरेल.” मला ते पटले नाही. आजही संध्याकाळी कधी बेडोकवरून जाताना ते पटत नाही. गौतमराव मात्र खिडकीकडे तोंड करून बसले होते. तिकडेच बघत म्हणाले, “ते माझ्यासारखे निघाले. घासाघीस करत होते.” मग ताईंनी त्यांचा इस्त्रीचा सदरा काढून घरातला घातला. हे मी कौतुकाने लिहितो आहे की दुःखाने, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर आणखी काही लोक आले. प्रत्येकाला ताईंनी शेजारी बसून विचारले. एजंटने काम सोडले. दुसरा एजंट आला, त्याने ताईंना घर बघायला लोक येतील तेव्हा बाहेर राहायची विनंती केली. ताई म्हणाल्या, ह्यांना सोडून मी जाऊ कुठे? घर आजही विकाऊ आहे.

आपल्या मंडळाने ताईंच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि लेख माझ्याकडे मागितला, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. समारंभ कुठे करायचा यावर मंडळात वाद चालू आहे, कारण कोणतेही सभागृह घेतले तरी गौतमराव येऊ शकत नाहीत. ताई त्यांच्या पायाला तेल लावत बसल्या होत्या. मी विचारले, “लेखाचा शेवट आम्ही शतायुषी व्हा असा करतो. चालेल ना?” गौतमराव झोपले होते. त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ताई म्हणाल्या, “शंभर वर्षं घेऊन काय करू? माझ्या पाठीत आता उसण भरते. ह्यांच्या आधी मी गेले तर ह्यांना खाली कोण उतरवेल, एवढीच भीती वाटते बघ. मागायचं तर तेवढं माग.” आणि पुन्हा तेल लावू लागल्या.

म्हणून ताईंचा मान राखून, त्यांच्यासाठी शंभर वर्षे मागत नाही. त्यांची पाठ बळकट राहो, त्यांचे हात थकू नयेत, सगळे ऐकूनही चहा पुरा पिणारे कुणी त्यांच्या दाराशी येवो. आणि सुजाताताईंना गौतमरावांपेक्षा एक दिवस तरी अधिक आयुष्य लाभो.